कम्प्युटर पुसण्यापुरती दारू

मु. खडकवस्ती, ता. पारनेर,
जि. अहिल्यानगर (आमच्या तोंडात अजून नगरच)
मंगळवार, दुपारची जेवणे झाल्यावर

चि. सुनीलराव यांस,

तुमच्या दाजींचे मनापासून आशीर्वाद. सौ. निकिता आणि चि. दिशा यांच्या वाटणीचे त्यांना पोचते करावेत. इकडे आम्ही उभयता शरीराने ठीक आहोत. (शरीराने हा शब्द विचार करून घातला आहे, पुढे उलगडा होईल.) तुमच्या मानेचा पट्टा निघाला का? सावेडीतल्या त्या वळणावरून स्कूटर सावकाश न्या असे मी दिवाळीतच म्हटले होते, पण दाजींचे म्हणणे सोयरिकीत कोण मनावर घेतो? असो. निकिताच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आम्ही संपवली आहे. बरणी धुऊन ठेवली आहे.

फोन करायचा सोडून पत्र का लिहितो आहे, असे तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचा असा तुमच्या ताईंचा नियम आहे, आणि आमची व शेजाऱ्यांची भिंत एकच आहे. मला जे सांगायचे आहे ते सध्या भिंतीच्या पलीकडे गेलेले चालणार नाही. ते कसे, तेही पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी दिशाला नवा लॅपटॉप घेतलात तेव्हा तिचा जुना कम्प्युटर तुम्ही मला दिलात, तो सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुमचा रक्तदाब जागेवर राहील. (निकिताला मात्र हे पत्र मोठ्याने वाचून दाखवू नका.)

तर गोष्ट अशी. आमच्या गावातले देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून तुमच्या ताईंनी जो झेंडा हातात घेतला आहे तो तुम्हाला माहीत आहेच. महिला दारूबंदी समितीच्या त्या अध्यक्षा, रोशनबी उपाध्यक्षा, आणि मी कारकून. गावातल्या चौथ्या हिश्श्याच्या महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान घेता येते. चौथा हिस्सा म्हणजे आमच्याकडे तीनशे दहा. आमच्याकडे सह्या होत्या तीनशे सतरा. नगरच्या दारूबंदी खात्याच्या साहेबांनी सांगितले होते की सह्यांसोबत मतदार यादीच्या क्रमाने टाइप केलेली यादी जोडा, आणि सोमवारी सकाळी आणून द्या. नाव जुळले नाही तर ती सही बाद. म्हणजे आमच्या हातात अवघ्या सात बायकांची शिल्लक. तुमच्या ताई आठ दिवस झोपेत आकडे मोजत होत्या. वरच्या आळीतल्या बायका, ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आणि अंगणात फरशी आहे, त्या काही केल्या सही देईनात. आमच्या घरात कुणी घेत नाही, आम्हाला काय त्याचे, असे म्हणून त्या चहा पाजायच्या आणि वाटेला लावायच्या. अशा एकेका घरी ताई पाच-पाच कप चहा पिऊन कोऱ्या कागदानिशी परत आल्या आहेत.

मी तीन आठवडे एका बोटाने ती यादी टाइप केली. (दुसऱ्या बोटाने मतदार यादीतली ओळ धरून ठेवावी लागते.) शनिवारी सकाळी शेवटचे नाव संपले, आणि मी छापायला घेणार तेवढ्यात कम्प्युटरच्या आतला पंखा मळणी यंत्रासारखा ओरडला आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला. चार मिनिटे चालला, ओरडला, मिटला. असे अकरा वेळा झाले. बाराव्या वेळी मी त्याला हात लावून पाहिला तर वरच्या पत्र्यावर भाकरी शेकून निघाली असती.

पारनेरला कम्प्युटर दुरुस्त करणारा शाहबाज हा माझा विद्यार्थी. सातवी ब. अक्षर वाईट, पण मुलगा सरळ. त्याला फोन लावला तर तो मेहुणीच्या लग्नाला खर्ड्याला गेलेला. मागे वाजंत्री इतकी जोरात चालू होती की तो माझ्याशी बोलतो आहे की ढोलवाल्याशी, हेच कळेना.

"गुरुजी, आतली पेस्ट वाळली आसंल," तो ओरडला. "प्रोसेसर नि वरचा ठोकळा यांच्या मधी आसती. तिचा खडू झाला की गरमी बाहेर जात न्हाई. जुनी पुसून काढा, मी दिलेली नवी लावा. तुरीच्या डाळीएवढीच!"

नवी पेस्ट त्याने मागे एकदा इंजेक्शनसारख्या पिचकारीत देऊन ठेवली होती, ती माझ्या कप्प्यात होती. मी विचारले, जुनी पुसू कशाने?

"अल्कोहोलनं!"

"कशाने?"

"अल्कोहोल, गुरुजी, अल्कोहोल! नव्वद टक्क्याच्या वरचं!"

आणि सुनीलराव, नेमक्या याच वेळी वाजंत्री थांबली. त्या मांडवात जी शांतता पसरली ती मला पारनेर तालुक्यात बसून ऐकू आली. मग फोनवर एक भारदस्त आवाज आला. "मी शाहबाजचा सासरा. निकाहच्या मांडवात उभं राहून हा हे काय मागतोय, तुमीच सांगा." मी आयुष्यात खोटे बोललेलो नाही. मी म्हणालो, तो माझ्यासाठी मागतो आहे.  त्यावर फोन बंद झाला, आणि शाहबाजचा तो नंबर सोमवारपर्यंत बंदच राहिला. (नंतर कळले की सासऱ्यांनी त्याचा फोन स्वतःच्या खिशात ठेवला होता.)

आता माझ्यासमोर पेच पडला. चौतीस वर्षे मी मराठी आणि इतिहास शिकवला. व्यसनाचे दुष्परिणाम या विषयावरचे निबंध मी जेवढे तपासले आहेत तेवढे ऊस तुमच्या शुगर फॅक्टरीने गाळले नसतील. शास्त्र विषयाशी माझा संबंध कधी आला नाही. अल्कोहोल म्हणजे दारू, आणि दारू म्हणजे अंगदचे दुकान, एवढेच माझे शास्त्र. म्हणून मी ठरवले की तत्त्वाला धरून, घरातल्या सोवळ्या वस्तूंनीच हे काम करायचे. ताई समितीच्या बैठकीला गेल्या होत्या, घरात मी एकटा होतो. वायर काढूनच कम्प्युटर उघडला, हे दिशाला आवर्जून सांगा.

आत जी धूळ होती तिच्यात तुमची आणि आमची वेगळी ओळखू येत होती. खालचा थर सावेडीचा, काळा. वरचा आमच्या रानाचा, तांबूस. ती झटकली. पंखा काढला. पंख्याखालचा ठोकळा काही निघेना, म्हणून जरा हिसका दिला, तर ठोकळा वर आला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही उपटून वर आला! बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, पोटाला शेकडो सोनेरी सुया. सशाचे पिल्लू बिळातून काढल्यासारखे मला वाटले.  त्यातली एक सुई वाकली तरी तीनशे सतरा बायकांची नावे गेली, असे मनात आले. (ते खरे नव्हते, पण तेव्हा मला कोण सांगणार?) हलके हलके पिळून तो सुटा केला आणि ठेवायला सुरक्षित जागा दिसेना, तेव्हा देवघरातला कुंकवाचा करंडा रिकामा करून त्यात ठेवला.

जुनी पेस्ट म्हणजे शाळेच्या फळ्याखाली साठलेला खडूचा चुरा जसा पावसाळ्यात घट्ट होतो तशी. आधी चष्म्याच्या फडक्याने पुसली. फडके गेले, पेस्ट राहिली. मग खोबरेल तेलाची दोन बोटे लावली. तेलाने ती सुटली खरी, पण सुटली म्हणजे मोकाट सुटली. कढत तव्याच्या काजळीसारखी ती करडी राड बोटाला लागली, बोटावरून नाकाला, नाकावरून पंचाला, पंचावरून भिंतीवरच्या कॅलेंडरला. एकादशीचा आठवडाच दिसेनासा झाला. एवढ्याशा जागेतली एवढीशी पेस्ट सुनीलराव, पण मी हिशेब केला तर ती घरात अकरा ठिकाणी सापडली, आणि जिथून काढायची तिथे मात्र होती तेवढीच. मग ठोकळ्याच्या तांब्याच्या बुडाला चिंच आणि राख लावून घासले. ते मात्र असे लखलखले की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि मी दचकलो. कपाळावर करडे पट्टे, राखेने डोळे लालभडक, केस उभे. पण प्रोसेसरला चिंच लावायचा धीर होईना. कोरोनाच्या वेळचा हात धुवायच्या औषधाचा पंचायतीचा डबा आठवला, तो उघडला तर त्यात शेंगदाणे.

दुपारचा एक वाजला. सोमवार डोळ्यांपुढे उभा राहिला. ताईंचे ते झोपेत आकडे मोजणे कानात वाजू लागले. आणि मग, सुनीलराव, मी तो निर्णय घेतला. यादी वाचवायची तर अल्कोहोल पाहिजे. अल्कोहोल पाहिजे तर अंगद. भर दुपारी रस्त्यावर कुणी नसते, झटकन जायचे, औषधाच्या बाटलीएवढे घ्यायचे आणि यायचे, असे ठरवून मी उठलो. तीन तास मांडी घालून बसल्यामुळे दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यामुळे चाल जरा तिरपी पडत होती. वाटेत एकदा मारुतीच्या पाराचा आधार घेतला, एकदा विजेच्या खांबाचा. कुणी पाहिले असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

अंगद एकटाच गल्ल्यावर पेपर वाचत होता. मला पाहून तो उभा राहिला. आम्ही त्याच्या दुकानावर तीन मोर्चे नेले आहेत, पण माणूस अदबीचा. त्याने खुर्ची पुसून पुढे केली.

"गुरुजी, आज घोषणा न्हाई? एकलेच?"

मी म्हणालो, अंगदराव, थोडी दारू पाहिजे. माझ्यासाठी नाही. कम्प्युटरसाठी.

तो काही हसला नाही. मान हलवत म्हणाला, "हितं कुणीच सवतासाठी नेत न्हाई, गुरुजी. कुनी म्हशीला नेतंय, कुनी म्हातारीच्या गुडघ्याला. कम्प्युटर मातर आज पैल्यांदा ऐकला."

मी त्याला सगळे समजावून सांगितले. पेस्ट, ठोकळा, सुया, नव्वद टक्के. नव्वद टक्क्यांचा माल आपल्याकडे नाही, आपल्याकडच्या बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच असते आणि तेही सरकारी नियमाने, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. तरी पाहू लावून, म्हणत त्याने एक बाटली काढून गल्ल्यावर ठेवली आणि सहज विचारले, एवढं काय हाय त्या कम्प्युटरात? इथे माझा सत्यवादीपणा नडला. मी सांगितले, तुझे दुकान बंद करायच्या सह्यांची यादी आहे, सोमवारी द्यायची आहे, आणि कम्प्युटर सुरू झाला नाही तर सगळे मुसळ केरात.

अंगदचा हात बाटलीवर होता. तो तसाच राहिला. मग सावकाश, अगदी सावकाश, त्याने बाटली उचलून परत फळीवर ठेवली.

"न्हाई गुरुजी," तो म्हणाला. "तुमाला न्हाई द्यायचो."

मी त्याला परवान्याचा नियम सांगितला. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही असा काही नियम आहे की नाही मला माहीत नाही, पण मी तो ठणकावून सांगितला. त्याने ऐकले नाही. मी आवाज चढवला. त्याने हात जोडले, म्हणून मीही हात जोडले. "अंगदराव, एवढे झाकणभर तरी द्या," मी म्हणालो, "हवे तर पाया पडतो." आणि तो अंगद, ज्याने दुकान उघडल्यापासून एका माणसाला परत पाठवले नसेल, तो खाली वाकलेल्या मला खांद्याला धरून उठवत रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "न्हाई म्हंजे न्हाई! घरी जावा गुरुजी! दुसऱ्या कुनालाबी दीन, पर तुमाला आता एक थेंब देनार न्हाई!"

मागून कुणाचा तरी हुंदका आला.

मी वळून पाहिले. महिला दारूबंदी समितीची बैठक संपली होती. पंधरा-वीस बायका, मध्ये फलक, पुढे तुमच्या ताई. हुंदका रोशनबींचा होता. पासष्ट वर्षांची खंबीर बाई, त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "या खुदा," त्या म्हणाल्या, "अंगदसुद्धा नको म्हनतोय, हितवर गेलंय. माझा मालक बी शेवटी असाच हात जोडायचा." मी खुलासा करायला दोन पावले पुढे टाकली, आणि पायाला अजून मुंग्या होत्या, सुनीलराव. मी फलकावर जाऊन आदळलो. बायका बाजूला झाल्या. कुणीतरी म्हणाले, त्यांना सावलीत बसवा. कुणीतरी म्हणाले, लिंबू द्या. मी मोठ्याने सांगितले, मी प्यायलेलो नाही, मला कम्प्युटर पुसायचा आहे! त्यावर एका बाईने दुसरीकडे बघून नुसती मान हलवली. ती मान मी मरेपर्यंत विसरणार नाही.

 तुमच्या ताईंनी माझ्या दंडाला धरून मला भर रस्त्यातून घरी आणले. घरात आल्यावर दार लावले, तोंडाजवळ येऊन वास घेतला, आणि म्हणाल्या, "खोबरेल?" मी सगळे पहिल्यापासून सांगितले. त्यांनी कॅलेंडर पाहिले, चिंचेचे भांडे पाहिले, कुंकवाचा करंडा पाहिला. करंड्यापाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग त्यांनी फ्रीजवरून एक बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला, प्रोसेसर कडेने चिमटीत धरला आणि दोनदा पुसला. तेल गेले, राड गेली, त्यावर कोरलेली अक्षरेसुद्धा वाचता येऊ लागली.

मी विचारले, हे काय आहे?

"स्पिरिट," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजे अल्कोहोल. रोज सकाळी तुमच्या दंडाला लावती, साखरेची सुई द्यायच्या आधी. चार वर्षं झाली."

सुनीलराव, मला सुई बघवत नाही. म्हणून मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसतो. चार वर्षे माझ्या पाठीमागे काय चालले होते याची मला खरोखर कल्पना नव्हती. सातवी पास बाईला जे माहीत होते ते मला माहीत नव्हते, याचे दुःख मोठे की माझ्या घरात रोज सकाळी अल्कोहोल निघत होते याचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढचे काम त्यांनीच केले. सुयांचा कोपरा खुणेशी जुळवून प्रोसेसर बसवला, तुरीच्या डाळीएवढी पेस्ट ठेवली, ठोकळा दाबला. कम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. पंख्याचा आवाज नाही, भाकरी शेकण्याची सोय नाही. यादी छापून झाली तेव्हा अजून ऊन होते. मी आनंदाने म्हणालो, आता बाहेर जाऊन सगळ्यांना खरे काय ते सांगतो. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

वरच्या आळीतल्या चार बायका होत्या. त्यांच्यातल्या पंकजाबाई, ज्यांच्याकडे ताईंनी सर्वात जास्त चहा प्यायला आहे, त्या डोळे पुसत आत आल्या. "साळूबाई, आमाला वाटायचं आपल्यापातूर येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर गुरुजींसारखा मानूस जर वाकून मागतोय, तर कुनाच्या घरी येनार न्हाई? आना तो कागुद." चौघींनी सह्या केल्या. मी आतल्या खोलीत पडद्यामागे होतो. मी बाहेर यायला निघालो तर ताईंनी मागे हात करून पडदा घट्ट धरला.

रविवारी संध्याकाळपर्यंत चौऱ्याण्णव सह्या आल्या. चौऱ्याण्णव! सगळ्या वरच्या आळीच्या. प्रत्येकीने माझी वाताहत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली. एकीच्या सांगण्यात मी अंगदच्या अंगावर धावून गेलो होतो, एकीच्या सांगण्यात मी कम्प्युटर गहाण टाकायला निघालो होतो. मी पडद्यामागे बसून ती चौऱ्याण्णव नावे एका बोटाने टाइप करत होतो आणि माझेच वर्णन ऐकत होतो. येणाऱ्या प्रत्येक बाईने माझ्यासाठी ताक आणले. आमच्याकडे सध्या ताक ठेवायला भांडे नाही. (तुमची लोणच्याची बरणीही भरली आहे.) सोमवारी ताई आणि रोशनबी नगरला जाऊन यादी देऊन आल्या. चारशे अकरा नावे. आता साठ-सत्तर बाद झाली तरी कुणाला फिकीर नाही. ताई त्या रात्री आकडे न मोजता झोपल्या.

मी मात्र झोपलो नाही. कारण त्यांचा हुकूम असा, की मतदान होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. "तुमी शुद्धीवर हाय असं कळलं की निम्म्या सह्या जातील," असे त्यांचे म्हणणे. गावातले पिणारे पुरुष आता मला रामराम घालताना खांद्यावर हात ठेवतात. काल एकाने मला पारावर जागा करून दिली आणि म्हणाला, गुरुजी, सुरुवातीला असंच होतं. आणि सुनीलराव, माझी बाजू घेणारा गावात एकच माणूस उरला आहे, तो अंगद! तो दारोदार फिरून सांगतो आहे की गुरुजींनी थेंब घेतलेला नाही, ते कम्प्युटर पुसायला मागत होते. अक्षर अन् अक्षर खरे. कुणी विश्वास ठेवत नाही. काल रोशनबींनी त्याला भर चौकात विचारले, लाज न्हाई वाटत आपल्या गिऱ्हाइकाला पाठीशी घालायला?

असे आमचे चालले आहे. थंडी पडू लागली आहे, मानेला मफलर बांधून स्कूटर चालवा. तुमच्या घरात सुख नांदो आणि तुमच्या दाजींविषयी जे काही कानावर येईल त्यातले निम्मे तरी तुम्ही सोडून द्यावे, एवढी आशा ठेवून थांबतो.

तुमचा,
राधाकृष्ण गुरुजी

ता. क. : मुख्य मुद्दा राहिलाच. मला नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणार असे तुमच्या ताईंनी गावात जाहीर केले आहे. असे कुठलेही केंद्र आम्ही पाहिलेले नाही. तरी मतदान होईपर्यंत मला तुमच्या फ्लॅटवर राहू द्यावे. मागची लहान खोली चालेल. शुक्रवारी न्यायला या, पण स्कूटरवर नको, कुणाची तरी चारचाकी मागून आणा. दिवसा या. चेहरा गंभीर ठेवा, आणि मला दंडाला धरून गाडीत बसवा. मी थोडा विरोध करीन, तो मनावर घेऊ नका.

ता. क. दुसरा : बिनसाखरेचा चहा आणि सकाळी दोन भाकऱ्या, याशिवाय माझा काही त्रास नाही. सुई निकिताला देता येत असेल तर बरे. स्पिरिट मी बरोबर आणीन. शेजारी विचारतील तर पाहुणे आहेत एवढेच सांगा.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझे, साळूचे) : सुनील, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. बहुतेक खरं आहे. एक मात्र ह्यांना अजून ठाऊक नाही. रविवारी मी तुझ्या दिशाला फोन करून सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, आत्या, कम्प्युटर चार मिनिटं चालत होता ना? मग यादी पेन ड्राइव्हवर घ्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं, गावात कुठंही छापून मिळाली असती. हे तू त्यांना तिकडं नेल्यावर सांग, आणि जेवण झाल्यावर सांग. दुसरं, शुक्रवारची वाट बघू नको, पत्र मिळताच ये. पत्र लिहून झाल्यापासून मिक्सर उघडून बसलेत, म्हणतात आत पेस्ट असेल. आता फ्रीजकडं बघतायत. केंद्राचं मी गावाला खोटं सांगितलं होतं, पण ह्या खटाटोपाचं एखादं खरंच असलं तर पत्ता काढून ठेव.